उभ्या गाडीची चाकं

रोलर कोस्टरची गाडी धावून झिजते त्याहून जास्त नुसती उभी राहून बिघडते. राइड मेन्टेनन्समध्ये चौदा वर्षं काढली, पण ही गोष्ट हाताला लागली ती ऑगस्ट २०२१ मध्ये. स्टेशनात उभ्या गाडीखाली पाठीवर सरकत गेलो, बॅटरी मारली आणि चाकावरून अंगठा फिरवला. चाकावर पॉलियुरेथेनचं जाड, पिवळट अस्तर असतं. ते गोल हवं. जिथे चाक रुळावर टेकलं होतं तिथे अंगठा एकदम सपाटीवर आला. कणकेचा गोळा पोळपाटावर ठेवून विसरला की खालून बसतो ना, तसं. दुसरं चाक तसंच. तिसरं तसंच. आमच्या एका गाडीला लहानमोठी चौसष्ट चाकं आहेत: वजन पेलणारी वरची, वळणावर रेटा घेणारी बाजूची, आणि गाडी रुळावरून उचलली जाऊ नये म्हणून रूळ खालून धरणारी. वजन पेलणारी बत्तीसच्या बत्तीस बसली होती.

मार्च २०२० मध्ये, जनता कर्फ्यूच्या आधीच्या आठवड्यात आमचं गेट बंद झालं. सगळ्यांना वाटत होतं, पंधरा दिवसांचा प्रश्न आहे. गाड्या होत्या तिथेच ठेवल्या, वर कव्हरं घातली, मेन स्विच खाली केला आणि घरची वाट धरली. आमचे सगळ्यात जुने फिटर, ज्यांना अख्खा पार्क मामा म्हणतो, ते त्या संध्याकाळी मला म्हणाले होते, "अरे, गाडी जॅकवर तरी घे. गावाला बैलगाडीसुद्धा पावसाळ्यात ओंडक्यावर चढवून ठेवतात." मी म्हणालो, "मामा, आता सुट्ट्यांचा सीझन येतोय, परत उतरवत बसावं लागेल." ते काही बोलले नाहीत. गाडीखाली पडल्या पडल्या मला तेच आठवत होतं.

पंधरा दिवसांचे एकोणीस महिने झाले. केंद्राने १५ ऑक्टोबर २०२० पासून मनोरंजन पार्कांना परवानगी दिली, नियमावलीही आली. महाराष्ट्रात मात्र डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबावं लागलं. तेव्हा काही पार्क उघडले. आमच्या मालकांनी हिशेब केला, पन्नास टक्के गर्दीत विजेचं बिलही निघणार नाही, आणि आम्ही बंदच राहिलो. एप्रिल २०२१ मध्ये दुसरी लाट आली तेव्हा तो हिशेब बरोबर ठरला. पण त्या सगळ्या काळात आवारात होते फक्त सुरक्षारक्षक आणि दोन इलेक्ट्रिशियन. यंत्राला हात लावणारं कोणी नव्हतं. आधी आम्हाला अर्धा पगार होता, मग तोही थांबला. मी पेणला मेहुण्याच्या गणपतीच्या कारखान्यात साचे भरत होतो. त्या वर्षी सरकारने घरगुती मूर्ती दोन फुटांची आणि मंडळांची चार फुटांची ठरवून दिली होती, त्यामुळे मोठे साचे सगळे तसेच भिंतीला टेकून होते. तिथेही उभं राहिलेलं सामान बघत दिवस काढले.

मामांना ऑगस्ट २०२० मध्ये राजीनामा लिहून द्यायला सांगितलं. वय सत्तावन्न, पार्क सुरू झाल्याच्या दिवसापासूनची नोकरी. निरोप फोनवर दिला गेला. ते संगमेश्वर तालुक्यातल्या आपल्या गावी गेले आणि शेतीला लागले. माझं स्पष्ट मत आहे की तो निर्णय चुकीचा होता. खर्च वाचवताना आम्ही सगळ्यात आधी तीच गोष्ट सोडून दिली जी पुन्हा ऑर्डर करून मिळत नाही.

तर ऑगस्ट २०२१. आम्हाला परत बोलावलं. मेन्टेनन्सच्या बावीस जणांपैकी नऊ आले. कोणी भिवंडीला गोदामात लागले होते, कोणी भाजीची गाडी लावली होती, दोघं उत्तर प्रदेशात गेले ते तिकडेच राहिले. एकाचं चिपळूणचं घर २२ जुलैच्या पुरात छपरापर्यंत बुडालं होतं. तो चिखल उपसत होता, त्याला ये म्हणायला माझी जीभ रेटली नाही.

पार्कात पहिलं पाऊल टाकलं तेव्हा रस्ता दिसत नव्हता. कमरेएवढं गवत. कोस्टरच्या खांबांवर वेल वीस फुटांपर्यंत चढलेले. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं तेव्हा रांगेच्या मंडपाचे पत्रे उडाले होते, ते गेल्या वर्षीपासून तसेच झाडीत अडकलेले. पुढच्या मे महिन्यात तौक्तेने उरलेले पाडले. झुलत्या जहाजाच्या ऑपरेटर केबिनमध्ये खुर्चीच्या पाठीवर सापाची अखंड कात लोंबत होती. पहिला आठवडा आम्ही पान्याला हात लावला नाही. कोयता, गमबूट आणि गांधीलमाश्यांची पोळी उतरवायला बोलावलेली माणसं, बस.

मग पॅनेल उघडली. उंदरांनी सेन्सरच्या केबल कुरतडल्या होत्या. जाड पॉवर केबलला त्यांनी तोंड लावलं नव्हतं, बारीक सिग्नल केबलच खाल्ल्या होत्या, आणि गाडी कुठे आहे हे कंट्रोलला सांगतात त्या नेमक्या याच. आमच्या कोस्टरचा मार्ग टप्प्यांत वाटलेला असतो आणि एका टप्प्यात एकच गाडी राहील हे बघणारी यंत्रणा या सेन्सरवर चालते. साडेतीन किलोमीटर केबल नव्याने ओढली. दोन राइडच्या कंट्रोलरमधली बॅटरी मेली होती, त्यामुळे आतला प्रोग्राम पुसला गेला होता. एकाची प्रत पेन ड्राइव्हवर निघाली. दुसऱ्याची निघेना. शेवटी पॅनेलवर बसणाऱ्या आमच्या सहकारी बाईंनी घरचा जुना लॅपटॉप आणला, त्यात २०१८ च्या शटडाऊनला घेतलेली प्रत होती. त्यांनी ती स्वतःहून जपली होती, कोणी सांगितलं नव्हतं.

ब्रेकचं काम मला स्वतःला बघायचं होतं. कोस्टरचे ब्रेक हवेने उघडतात आणि स्प्रिंगने बंद होतात. हवा गेली तर गाडी थांबते, सुटत नाही. ही रचना चांगली आहे, पण हवेच्या टाकीत पाणी साचतं आणि ते रोज काढायचं असतं. टाकीखालचा कॉक उघडला तर चहासारखं तांबडं पाणी बादलीभर निघालं. सगळी सीलं कडक झालेली, बोटाने दाबली की चुरा. चेनवरून गाडी चढताना टक टक टक आवाज येतो ना, लोकांना वाटतं तो चेनचा. तो कुत्र्याचा असतो. गाडीखाली लोखंडी जीभ असते, ती दात्यांवरून घसरत जाते आणि चेन तुटलीच तर दात्यात अडकून गाडी मागे येऊ देत नाही. आम्ही तिला कुत्रा म्हणतो. आमच्या गाडीच्या चार कुत्र्यांपैकी एक गंजून वरच अडकला होता. हाताने दाबला तर खाली येईना. उरलेले तीन पुरेसे आहेत असं पुस्तकात आहे. आम्ही चारही बदलले.

वेल्डिंगचे जोड तपासायला बाहेरची टीम येते. लाल रंग फवारायचा, थोडा वेळ मुरू द्यायचा, पुसून घ्यायचा, वर पांढरी पावडर मारायची. धातूत केसाएवढी भेग असेल तर आत शिरलेला लाल रंग पांढऱ्यावर उमटतो. मी त्यांच्याबरोबर दोन दिवस शिडीवर होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी झुलत्या जहाजाच्या लटकण्याच्या पिनवर, सगळ्या पांढऱ्यात, एक लाल रेघ हळूहळू वर आली. करंगळीच्या पेराएवढी. हेल्पर पोरगा म्हणाला, "साहेब, पुसून परत मारू का?" मी म्हटलं, मार. पुन्हा तिथेच आली. ती भेग बंदच्या काळात पडली की आधीपासून होती, हे सांगता येत नाही. आधीपासून असेल तर तिच्याखाली किती पोरं बसून गेली, या विचाराने त्या रात्री झोप लागली नाही. चारही पिना नव्या घडवून घेतल्या.

नवी चाकं परदेशातून यायची होती. त्या वर्षी जगभर कंटेनरची टंचाई होती, त्यामुळे जहाजात जागा मिळेपर्यंत सप्टेंबर उजाडला. न्हावाशेवाहून माल सुटला आणि आम्ही तीन दिवसांत सगळी चाकं चढवली. सगळ्या बेअरिंगमध्ये नवं ग्रीस भरलं. २५ सप्टेंबरला मुख्यमंत्र्यांनी नाट्यगृहं आणि सिनेमागृहं २२ ऑक्टोबरनंतर उघडायला परवानगी जाहीर केली. त्यात आमचं नाव नव्हतं. पण आता आपलाही नंबर येणार अशी आशा लागली आणि दोनच दिवसांनी सकाळी सातला मी रिकामी गाडी सोडली.

चेनवर नीट चढली. टोकाला गेली, सुटली. पहिला उतार, पहिलं वळण, सगळं छान. दुसऱ्या चढावर मात्र तिचा वेग बघूनच पोटात गोळा आला. माथ्यापासून दोन हात खाली ती थांबली, क्षणभर तशीच राहिली आणि मागे घसरायला लागली. मग खालच्या खोलगट भागात पाळण्यासारखी पुढे-मागे, पुढे-मागे, आणि शेवटी निश्चल. तसा माणसाला धोका नव्हता, आत कोणी नव्हतं. पण एवढी महिनाभर राबलेली माणसं गप्प उभी राहून बघत होती आणि कोणाला काय बोलावं कळेना.

मी मामांना फोन लावला. एक वर्ष झालं होतं बोलून. लाजेने केला नव्हता, खरं सांगायचं तर. तिकडून वाऱ्याचा आवाज येत होता, ते शेतात असावेत. मी सगळं सांगितलं. त्यांनी तीन प्रश्न विचारले: चाकं नवी? ग्रीस नवं? किती वाजता सोडली? मग म्हणाले, "अरे बाळा, नवं चाक जड फिरतं. नवं ग्रीस घट्ट असतं. सकाळच्या गारव्यात आणखी घट्ट. आणि वर गाडी रिकामी, जोर कुठून आणणार ती? वहीत लिहिलंय की."

"कुठली वही मामा?"

"माझ्या लॉकरमध्ये. चावी माझ्याकडेच राहिली. फोड कुलूप."

त्यांचं लॉकर कोणी उघडलंच नव्हतं. कापलं कुलूप. आत एक जुना रुमाल, चष्म्याचं घर, मारुतीचा फोटो आणि दोनशे पानी लांबट वही. त्यात प्रत्येक राइडला पानं वाटून दिलेली. कोस्टरच्या पानावर एका कोपऱ्यात: "चाके नवीन असल्यास दुपारी १२ नंतर सोडणे. प्रत्येक सीटवर वाळू. पहिले १० राऊंड मोजू नये." तारीख २०१४ ची.

गाडी बाहेर काढायला दुपारचे अडीच वाजले. चेनपुली आणि हाताची विंच लावून, इंचा-इंचाने, दर दोन फुटांवर ठोकळे अडकवत. मग दुसऱ्या दिवशी वहीप्रमाणे केलं. वाळूची पोती, दुपारचं ऊन. गाडी दुसऱ्या चढावरून अशी गेली की जणू कधी थांबलीच नव्हती. आम्ही दहा राऊंड मोजले नाहीत.

आकाशपाळण्याची कहाणी वेगळीच. तो सुरू केल्यावर टक… टक… असा ठोका यायला लागला. एका बाहेरच्या तज्ज्ञाने येऊन ऐकलं आणि सांगितलं, मुख्य बेअरिंग गेलं. वाऱ्याने चाक जागच्या जागी डुलत राहतं, रोलर एकाच ठिकाणी घासतात, तिथे खड्डे पडतात. ही गोष्ट खरीच घडते, त्यामुळे आम्हालाही पटलं. पण ते बेअरिंग बदलायचं म्हणजे मोठी क्रेन, पाळणा अर्धा उतरवणं, लाखोंचा खर्च आणि निदान चार महिने. मालकांनी सांगून टाकलं, या वर्षी पाळणा नको.

मला राहवेना. पुन्हा फोन. मामा म्हणाले, "मोबाईल खांबाला टेकव." टेकवला. नुसती घरघर ऐकू येतेय म्हणाले. थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "ठोके मोज. पाळण्याच्या एका फेऱ्याला किती?"

मी एका पाळण्याला पांढरी फडकी बांधली आणि मोजायला उभा राहिलो. एकोणपन्नास. परत मोजले. पन्नास.

"मग मुख्य बेअरिंग कसं असेल? ते एका फेऱ्याला एकदाच फिरतं. त्यात रोलर वीस-बावीस. पन्नास ठोके कुठून देईल? एका फेऱ्याला पन्नास वेळा फिरतं असं तिथे काय आहे, बघ."

बघायला लागलंच नाही. पाळण्याचं कडं रबरी टायर दाबून फिरवतात. कड्याचा व्यास तीस मीटर, टायर साठ सेंटिमीटरचा. भागून टाका. चार टायरपैकी एकाची हवा बंदच्या काळात गेली होती आणि तो कड्याला दाबून तसाच चेपून राहिला होता. आम्ही सगळ्या टायरमध्ये हवा भरली, पण त्याची चेपलेली जागा सरळ झाली नव्हती. एकेका टायरचा दाब सोडत गेलो, तिसऱ्याला ठोका थांबला. कोस्टरच्या चाकांचीच गोष्ट, फक्त रबरात. नवा टायर पनवेलला मिळाला.

त्या आठवड्यात मामा स्वतः आले. "हळवं कापून झालं, गरव्याला वेळ आहे, दोन दिवस येतो," म्हणाले. हळवं म्हणजे लवकर येणारं भात, गरवं उशिरा. गेटवर त्यांना रजिस्टरमध्ये नाव लिहायला लावलं, तापमान बघितलं, लशीचं प्रमाणपत्र बघितलं, आणि गळ्यात पाहुण्यांचा पास अडकवला. रक्षक नवा होता, त्याची काही चूक नाही. मामांनी पास शर्टाच्या आत सरकवला आणि चालायला लागले. मग लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, टोक बेअरिंगच्या घराला, मूठ कानाला, डोळे मिटलेले. प्रत्येक राइडवर तसंच. आम्ही नऊ जण मागे उभे, कोणी खोकलंही नाही. एका ठिकाणी त्यांनी मला जवळ बोलावलं आणि मूठ माझ्या कानाला लावली. "पाऊस पत्र्यावर पडतो तसं ऐकू आलं तर बरं आहे. वाळू पडल्यासारखं आलं तर उघडायचं." हे मी चौदा वर्षांत कधी त्यांना विचारलं नव्हतं, कारण ते होतेच.

इकडे आरोग्याच्या नियमांचीही तयारी चालू होती. सहा फुटांचे गोल रांगेत रंगवले, कोस्टरच्या गाडीत सीटच्या दर दोन रांगांत एक रिकामी ठेवायचं ठरलं. पाळण्यात एकाआड एक डबा रिकामा, आणि वजन दोन्ही बाजूंना सारखं राहील अशा बेताने. बाहेरून नेमलेल्या सल्लागारांनी सांगितलं, दर राऊंडनंतर सीट आणि हार्नेसवर हायपोक्लोराइटची फवारणी. मी नाही म्हटलं. त्यांना वाटलं, मेन्टेनन्सवाले काम टाळतात. म्हणून मी खांद्यावरच्या हार्नेसची एक जादा खिट्टी त्यांच्याच द्रावणाच्या बादलीत टाकून ठेवली. तिसऱ्या दिवशी बाहेर काढली तेव्हा स्प्रिंगवर तपकिरी पूड होती. हार्नेस बंद राहतो तो त्या स्प्रिंगवर. विषाणूपासून वाचवताना माणसाला पन्नास फुटांवर उघडं सोडायचं का? मग फवारणी गेली, फडकं आलं. हात लागतो तेवढंच पुसायचं, खिट्टीच्या फटीत ओलावा जाऊ द्यायचा नाही. हाऊसकीपिंगच्या ताईंनी निळं फडकं ओलं आणि पांढरं कोरडं अशी जोडी ठरवली आणि घड्याळ लावून एक डबा चाळीस सेकंदांत पुसून दाखवला. त्यांची पद्धत शेवटपर्यंत टिकली.

ओरडण्याचं काय, हा प्रश्नही निघाला. जपानमध्ये पार्क उघडले तेव्हा तिथल्या संघटनांनी राइडवर ओरडू नका असं सांगितलं होतं, आणि फुजी-क्यू हायलँडने आपले दोन अधिकारी मास्क लावून, चेहरा हलू न देता कोस्टरवर बसवून दाखवले होते: मनातल्या मनात ओरडा. आमच्याकडे ते जमणार नव्हतं. मास्क सक्तीचा केला आणि तो उडू नये म्हणून कानामागे अडकवायच्या क्लिपा दिल्या.

१४ ऑक्टोबरला खंडेनवमी. दोन वर्षांनी वर्कशॉपमध्ये पूजा झाली. टॉर्क पाना, जॅक, चेनपुली, मल्टिमीटर, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूची फुलं. मामांची वही मी पाटावर ठेवली. तोवर ते भाताच्या खळ्यावर परत गेले होते. पगारावर परत घेण्याबद्दल मी वर लिहून दिलं होतं. उत्तर आलं, गरज पडेल तसं रोजावर बोलवा.

१८ ऑक्टोबरच्या सोमवारी संध्याकाळी बातमी आली: २२ पासून मनोरंजन पार्क उघडणार, कोरड्या राइड चालतील, पाण्यातल्या राइडचा निर्णय नंतर. आनंद झाला, आणि पाण्याच्या विभागातल्या पोरांकडे बघवेना. त्यांनी दीड महिना घालवला होता. हिरवंगार शेवाळलेलं पाणी उपसलं, डासांसाठी सोडलेले गप्पी मासे आधी बादल्यांनी बाजूच्या तळ्यात नेले, फिल्टरमधली दगड झालेली वाळू फोडून काढली, तलाव घासून भरले, क्लोरीन बसवलं. आता तेच पाणी कोणी उतरणार नसताना रोज फिरवत ठेवायचं, नाही तर पुन्हा शेवाळ. त्यांनी ठेवलं. कुरकुर न करता ठेवलं.

दुसऱ्या दिवशी कोजागिरी होती. शेवटची लोड टेस्ट त्याच रात्री घेतली, कारण रात्रीच्या गारव्यातही गाडी पार जाते का हे बघायचं होतं. प्रत्येक सीटवर पंचाहत्तर किलो वाळू, मग रांगा सोडून, मग नुसती पुढची अर्धी, मग नुसती मागची अर्धी. चाळीस राऊंड. दहाच्या सुमाराला चंद्र चांगला वर आला आणि रूळ दुधासारखे दिसायला लागले. रक्षकाच्या घरून पातेलंभर मसाला दूध आलं. लांब लांब बसून, मास्क हनुवटीवर ओढून प्यायलो. प्रत्येक राऊंडला कुत्र्याची टक टक, मग शांतता, मग चाकांची घरघर. पाऊस पत्र्यावर पडतो तशी.

२२ ला, शुक्रवारी, दुपारपर्यंत दोनशेही माणसं आली नाहीत. कोस्टरच्या पहिल्या गाडीत सात जण होते. एका बाईंनी हार्नेस तीनदा ओढून बघितला आणि मला विचारलं, "दादा, एवढे दिवस बंद होतं, चालेल ना नीट?" मी त्यांना काय काय बदललं ते सांगायला लागलो आणि थांबलो, मागे रांग होती. म्हटलं, "सकाळी मी स्वतः तीनदा बसून आलोय, ताई." गाडी सुटली. वरच्या टोकाला मास्कमधून दबलेली किंचाळी आली, मग दुसरी, मग हसणं. मी फोनवर मामांना ऐकवलं. ते म्हणाले, "चढावर आवाज चांगला आहे." किंचाळ्यांबद्दल काही बोलले नाहीत.

दिवाळीत गर्दी वाढली. त्या दिवसांत मला सारखी आठवण यायची ती जत्रेतल्या पाळणेवाल्यांची. आमच्या गावच्या जत्रेत दरवर्षी एक कुटुंब लोखंडी पाळणा आणि लहान पोरांची रेल्वे घेऊन यायचं. दोन वर्षं जत्राच नाहीत. आमच्यामागे निदान कंपनी होती, उशिरा का होईना चाकं मागवणारी. त्यांचे पाळणे कुठल्या गावाच्या माळावर सुटे होऊन पडले असतील, त्यांच्या बेअरिंगला कान कोण लावणार, आणि नवे टायर कोण देणार? सरकारी नियमावलीत त्यांच्यासाठी एक ओळ मी शोधली. सापडली नाही.

जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉन आला आणि १० तारखेपासून मनोरंजन पार्क पुन्हा बंद. आदल्या रात्री आदेश वाचला. सकाळी सहाला आम्ही नऊ जण कामावर होतो. दुपारपर्यंत कोस्टरच्या दोन्ही गाड्या जॅकवर, सगळी चाकं रुळापासून बोटभर वर. पाळण्याच्या टायरचा दाब सोडला. हवेच्या टाक्या रिकाम्या केल्या. कंट्रोलरच्या प्रती तीन ठिकाणी ठेवल्या. मालकांना सांगितलं की दर सोमवारी आणि गुरुवारी चार माणसं लागतील, पगारासकट, आणि या वेळी ते हो म्हणाले. त्या चौघांनी दर खेपेला प्रत्येक चाक हाताने पाव फेरा फिरवून ठेवलं.

१ फेब्रुवारीपासून निम्म्या क्षमतेने परवानगी मिळाली, पाण्याच्या राइडसकट. गाड्या रुळावर उतरवायला चार तास लागले. मामांच्या वहीत त्याची नोंद मी माझ्या अक्षरात केली, खाली तारीख घातली, आणि वही लॉकरमध्ये ठेवली. त्या लॉकरला आता कुलूप नाही.